वीट, काँक्रीट, टाइल, लाकूड, पत्रा: घरचा सुरक्षा कॅमेरा कशावर कसा बसवावा

सुरक्षा कॅमेरा वजनाने हलका असतो. वायफायवर चालणारा छोटा कॅमेरा १५० ते २५० ग्रॅमचा, बाहेर लावायचा बुलेट (नळीसारखा) किंवा डोम (घुमटासारखा) साधारण ३०० ते ६०० ग्रॅमचा. त्यामुळे दोन स्क्रू मारले की काम झालं असं वाटतं. पण हा भार भिंतीला लागून नसतो, भिंतीपासून पुढे आलेला असतो. समजा ५०० ग्रॅमच्या कॅमेऱ्याचं वजन भिंतीपासून १२ सेंमी पुढे एकवटलंय आणि वरचा स्क्रू बैठकीच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या भिंतीला टेकणाऱ्या भागाच्या, खालच्या कडेपासून ६ सेंमीवर आहे. अशा वेळी त्या स्क्रूला बाहेर ओढणारा जोर सुमारे १ किलोचा होतो. बैठक लहान असेल आणि हे अंतर ३ सेंमीच असेल, तर जोर दुप्पट. तो चोवीस तास चालू राहतो. त्यात वाऱ्याचे हेलकावे, उन्हाने तापून फुगणं आणि रात्री आकसणं, आणि लेन्स पुसताना किंवा कोन बदलताना हाताने बसलेला झटका यांची भर पडते. स्क्रू तुटत नाही. तो ज्यात रुतलाय त्याचा हळूहळू भुगा होतो आणि एके दिवशी कॅमेरा मान टाकतो.

म्हणून ड्रिल हातात घेण्याआधी भिंतीच्या आत काय आहे हे कळलं पाहिजे. गिलावा, टाइल, रंग, पॅनेल हे सगळं पांघरूण आहे. पकड मिळते ती त्यामागच्या विटेत, काँक्रीटमध्ये, लाकडात किंवा लोखंडात. पुढची सगळी माहिती याच एका गोष्टीभोवती फिरते.

आधी चित्र, मग भोक

जागा ठरवताना बसवायला सोपी भिंत शोधू नका, हवं ते चित्र कुठून मिळतं ते बघा. दारात आलेल्याचा चेहरा ओळखायचा असेल तर कॅमेरा २.५ ते ३ मीटर उंचीवर ठेवा. याहून खाली हात पोचतो, याहून वर फक्त टोप्या आणि टकलं दिसतात. हिशेब सोपा आहे: कॅमेरा ३ मीटरवर आणि माणूस ३ मीटर लांब असेल तर कॅमेरा चेहऱ्याकडे सुमारे २५ अंशांतून खाली बघतो. तोच कॅमेरा ४.५ मीटरवर नेला की हा कोन ४४ अंशांच्या आसपास जातो आणि टोपीच्या कडेखाली चेहरा झाकला जातो. ३० अंशांच्या आत राहा.

लेन्सचाही इथेच विचार करा. अनोळखी चेहरा खात्रीने ओळखता यावा यासाठी युरोपीय मानक ईएन ६२६७६-४ च्या २०१५ च्या आवृत्तीने दर मीटर रुंदीमागे २५० पिक्सेल मागितले होते. २ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं, म्हणजे चौकटीत जेमतेम साडेसात मीटर रुंदी बसली तरच हे जमतं. २.८ मिमी लेन्सला हे साधारण ३ मीटर अंतरापर्यंत साधतं, ४ मिमी लेन्सला ४ ते साडेचार मीटरपर्यंत. फाटक १० मीटर लांब असेल तर २.८ मिमीच्या कॅमेऱ्यात कुणीतरी आलं एवढंच कळेल, कोण आलं ते कळणार नाही.

जागा ठरली असं वाटलं की कॅमेरा चालू करून, एकाने शिडीवर धरून आणि दुसऱ्याने फोनवर बघून खात्री करा. त्याहून चांगलं म्हणजे कॅमेरा एका फळीला बांधून ती फळी तिथे एक रात्र टिकवा. अंधारात असं बरंच काही दिसतं जे दिवसा दिसत नाही. छज्जाचा तळ किंवा शेजारची भिंत चौकटीच्या कोपऱ्यात येत असेल, तर कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड प्रकाश त्यावर आपटून परततो. ती कड पांढरीफटक होते आणि उरलेलं अंगण काळंकुट्ट. असं झालं तर कॅमेरा काही सेंमी पुढे किंवा खाली घ्या. सेटिंगमध्ये हे सुटत नाही. उगवत्या-मावळत्या सूर्याकडे लेन्स रोखू नका, आणि शेजाऱ्यांच्या खिडक्या चौकटीत येत असतील तर कोन फिरवा किंवा तेवढा भाग सेटिंगमधून झाकून टाका.

आणखी एक. मेमरी कार्डाचा खाचा, रीसेटचं बटण आणि क्यूआर कोडचा स्टिकर पुष्कळ कॅमेऱ्यांत बैठकीच्या बाजूला किंवा झाकणाखाली असतो. कार्ड खालीच घाला, पासवर्ड बदला, नेटवर्कला जोडून घ्या, स्टिकरचा फोटो काढा. मगच वर चढा.

भिंतीच्या पोटात काय आहे

बोटाच्या पेराने ठोकून बघा. भरीव भिंत मुकी वाजते, पॅनेल किंवा जिप्सम बोर्ड ढोलकीसारखा. यापेक्षा पक्की खूण देतो भोकातून पडणारा भुसा. बैठकीखाली झाकलं जाईल अशा ठिकाणी ४ मिमीचं चाचणी-भोक पाडा. सुरुवातीला करडा किंवा पांढरा गिलावा येईल. त्यानंतर लाल भुकटी आली तर वीट, करडी बारीक भुकटी येत असून बिट जेमतेम पुढे सरकत असेल तर काँक्रीट, पिठासारखी पांढरी मऊ भुकटी आणि बिट लोण्यात शिरल्यासारखं गेलं तर एएसी म्हणजे हलका फुगीर ब्लॉक. बिट एकदम पुढे धसकन गेलं तर आत पोकळी आहे. रंग बदलला तेव्हा बिट किती आत होतं ते मोजा. ती गिलाव्याची जाडी. आतल्या भिंतीवर ती साधारण १२ ते १५ मिमी असते, बाहेर १८ ते २० मिमी, आणि जुन्या वाकड्या भिंतीवर त्याहूनही जास्त.

स्विच, दिवा किंवा प्लगच्या थेट वर, खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडायचं नाही, कारण भिंतीतली वायर बहुतेक तिथूनच जाते. नळाच्या रेषेतही तेच. वायर शोधणारं यंत्र मिळालं तर वापरा, पण त्याने 'नाही' म्हटलं म्हणून निर्धास्त होऊ नका; त्या भागाचा वीजपुरवठा बंद करूनच ड्रिल चालवा आणि ड्रिलला वीज दुसऱ्या सर्किटवरून घ्या. डोळ्यांवर चष्मा हवाच. शिडी टेकवताना उंचीच्या एक चतुर्थांश अंतर पायथ्याला ठेवा: ४ मीटर उंच टेकवली तर पाय भिंतीपासून १ मीटरवर.

विटेची भिंत आणि तिच्यावरचा गिलावा

सर्वाधिक कॅमेरे इथेच लागतात आणि सर्वाधिक चुका इथेच होतात. कॅमेऱ्याच्या डब्यात ६ मिमी जाडीची, २५ ते ३० मिमी लांबीची प्लास्टिकची गिट्टी, म्हणजे रॉल प्लग, आणि तेवढाच स्क्रू मिळतो. बाहेरचा गिलावा २० मिमी असेल तर ३० मिमीच्या गिट्टीतली २० मिमी गिलाव्यातच राहते. विटेत जाते फक्त १०. गिलावा ताण सहन करत नाही. गिट्टी फुगली की त्याचा खपला सुटतो. डब्यातले स्क्रू बाजूला ठेवा आणि हे घ्या:

- ६ मिमी × ५० मिमीची नायलॉनची गिट्टी, बैठकीला जितकी भोकं तितक्या, वर दोन जास्त
- ४.५ मिमी जाडीचे ६० मिमी लांबीचे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू
- ६ मिमीचं कार्बाइड टोकाचं बिट

स्क्रूच्या लांबीचं गणित असं: बैठकीची जाडी, अधिक गिट्टीची लांबी, अधिक ५ मिमी. स्क्रूचं टोक गिट्टीच्या पलीकडे किंचित निघालं तरच गिट्टीचा शेंडा पूर्ण फुगतो. आखूड स्क्रूने गिट्टीचा तोंडाकडचा भागच फुगतो, आणि तो तर गिलाव्यात असतो.

बैठकीचा कागदी साचा भिंतीवर टेपने लावा, लेव्हल धरा, खुणा करा. साचा नसेल तर बैठकच धरून पेन्सिल फिरवा. बिटवर ६० मिमीवर टेप गुंडाळा. भोक गिट्टीपेक्षा १० मिमी खोल हवं, म्हणजे उरलेल्या भुशाला जागा मिळते. गिलावा संपेपर्यंत ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके देत फिरायची सोय, बंद ठेवा, नाहीतर भोकाभोवती बशीएवढा खपला उडतो. वीट लागली की हलका हॅमर. ड्रिल भिंतीशी काटकोनात धरा आणि हलू देऊ नका. हात डुलला की ६ मिमीचं भोक तोंडाशी ७ मिमीचं होतं आणि तिथे गिट्टी फिरू लागते.

मग भुसा काढा. हे काम सगळे टाळतात. हवा भरायच्या छोट्या पंपाने तीन-चार फुंकर मारा, मध्ये एकदा बिट बंद ड्रिलवरच आत-बाहेर करा. तोंडाने फुंकलं तर भुसा डोळ्यात येतो. भुसा राहिला तर गिट्टी पूर्ण आत जात नाही, आणि जोरात ठोकली तर तिची मान दुमडते.

गिट्टी हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी भिंतीशी सपाट होईपर्यंत बसवा. ती बोटाने सहज आत गेली तर भोक मोठं झालंय. अशा वेळी काडेपेटीच्या काड्या किंवा लाकडाच्या चिपा कोंबू नका. लाकूड सुकून आकसतं आणि पकड जाते. तेच भोक ८ मिमीचं करा, ८ मिमीची लांब गिट्टी आणि ५ किंवा ५.५ मिमीचा स्क्रू वापरा. बैठकीच्या भोकातून जाडा स्क्रू जात नसेल तर बैठक थोडी फिरवून नवीन भोकं पाडा, जुन्यापासून किमान ३ सेंमी लांब.

स्क्रू शेवटी हातानेच आवळा. विजेच्या ड्रायव्हरने आवळताना गिट्टीचे आटे एका क्षणात जातात. भिंतीच्या कडेपासून, म्हणजे कोपरा, खिडकीची चौकट यांपासून, ५ सेंमी तरी सोडा. फुगणारी गिट्टी कडेची वीट चिरते. कॅमेरा अगदी कोपऱ्यावरच हवा असेल तर काटकोनी कॉर्नर ब्रॅकेट घ्या. त्याचे स्क्रू दोन्ही भिंतींवर, कोपऱ्यापासून आत बसतात.

गिलावा न केलेल्या उघड्या विटांच्या भिंतीवर सांध्यात भोक पाडणं सोपं असतं, पण सांध्यातला मसाला एकसारखा घट्ट असेलच असं नाही. विटेच्या मध्यावर भोक घ्या.

काँक्रीट

खांब, तुळई, स्लॅब आणि कठडा. साध्या हॅमर ड्रिलने एका भोकाला पाच मिनिटं लागतात आणि बिट निळं पडतं. रोटरी हॅमर असेल तर काही सेकंदांचं काम. पकड मात्र सगळ्यांत उत्तम. इथे ६ × ३० ची गिट्टी पुरते, फक्त वर गिलावा असेल तर त्याची जाडी लांबीत मिळवा.

बिट एकाएकी थांबलं आणि भुशात धातूची चमक दिसली तर सळई लागली आहे. तिच्यात भोक पाडायचा हट्ट करू नका, २-३ सेंमी सरका. प्रीस्ट्रेस्ड तुळई किंवा तयार पोकळ स्लॅब असेल तर आतल्या ताणलेल्या तारा कुठून गेल्यात हे कळल्याशिवाय ड्रिल लावूच नका.

एएसी आणि पोकळ ब्लॉक

एएसी ब्लॉकला हॅमर लावला की भोक वेडंवाकडं मोठं होतं. हॅमर पूर्ण बंद. साधी गिट्टी इथे फुगते खरी, पण मऊ ब्लॉक तिच्याबरोबर दबत जातो. खोल, रुंद आटे असलेली एएसीसाठीची खास गिट्टी मिळते. ती स्क्रूसारखी फिरवत बसवतात. किमान ५०-६० मिमी लांबीची घ्या आणि भोकाचा आकार तिच्या पाकिटावर दिलाय तोच ठेवा.

पोकळ ब्लॉक किंवा पोकळ विटेच्या आतल्या भिंती दोन-तीन सेंमीच जाड असतात. हॅमरने त्या आतून फुटतात आणि बाहेरून काहीच कळत नाही. हॅमरशिवाय भोक पाडा आणि पोकळीत गेल्यावर गाठ मारल्यासारखी गोळा होणारी लांब नायलॉन गिट्टी वापरा. फिरता, दीड-दोन किलोचा पीटीझेड कॅमेरा अशा भिंतीवर लावायचा असेल तर जाळीच्या नळीसकट केमिकल अँकर घ्या: नळी भोकात, नळीत रेझिन, त्यात स्टड, आणि पाकिटावर लिहिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत हात लावायचा नाही.

टाइल आणि दगडी क्लॅडिंग

टाइलवर हॅमर चालवला की तडा गेलाच समजा. खुणेवर कागदी टेपची फुली चिकटवा म्हणजे बिट घसरणार नाही. साध्या चकचकीत टाइलला भाल्याच्या टोकाचं कार्बाइड बिट, विट्रिफाइड टाइल आणि ग्रॅनाइटला ६ मिमीचं डायमंड बिट. ड्रिल मंद गतीवर ठेवा आणि स्पंजने पाणी देत राहा. डायमंड बिट सुरुवातीला तिरकं टेकवून छोटी चंद्रकोर पाडा, मग हळूहळू सरळ करा. टाइल पार झाली की डायमंड बिट काढून नेहमीचं बिट लावा आणि मागच्या भिंतीचे नियम पाळा.

गिट्टीबद्दल एक बारकावा आहे, आणि तो विसरला की टाइल त्याच दिवशी नाही तर आठवड्याने तडकते. गिट्टी टाइलच्या पृष्ठभागाशी सपाट ठेवू नका. स्क्रू आणि हातोडीने तिला टाइलच्या मागे, ३-४ मिमी आत ढकला, म्हणजे ती फुगताना जोर विटेवर येईल, टाइलवर येणार नाही. स्क्रू तेवढा लांब घ्या. टाइलच्या कडेपासून २५ मिमी सोडा. भिंतीला कोरडी, क्लिपांवर टांगलेली दगडी क्लॅडिंग असेल तर तिच्यामागे पोकळी असते. तिथे दगडात गिट्टी न ठेवता पोकळी पार करून भिंतीपर्यंत पोचणारा लांब अँकर घ्या, किंवा सरळ दुसरी जागा निवडा. आमचं मत दुसऱ्या जागेकडे झुकतं.

लाकूड

इथे गिट्टी लागत नाही, पायलट भोक लागतं. ४ मिमीच्या स्क्रूला मऊ लाकडात २.५ मिमी आणि सागासारख्या कठीण लाकडात ३ मिमी. पायलट न करता मारलेला स्क्रू तंतूंच्या दिशेने लाकूड फाडतो, विशेषतः चौकटीच्या टोकाशी. सागात आणि ओकमध्ये साधा लोखंडी स्क्रू वापरला तर लाकडातल्या टॅनिनमुळे काळे ओघळ उतरतात. स्टेनलेस किंवा पितळी घ्या. स्क्रू लाकडात २५ ते ३० मिमी जायला हवा. प्लायच्या पातळ पॅनेलवर ते शक्य नसतं, तिथे मागची चौकट शोधा किंवा आरपार बोल्ट टाकून मागे रुंद वॉशर लावा.

उघड्यावरचं लाकूड ओलं-सुकं होत हलतं, म्हणून पहिल्या पावसाळी दिवसांनंतर चित्र किंचित तिरकं झालेलं दिसतं. स्क्रू पुन्हा एकदा आवळले की थांबतं. चाचणी-भोकात लाकूड स्पंजासारखं लागलं तर ते कुजलेलं आहे. तिथे कुठलाच स्क्रू टिकत नाही.

पत्रा, लोखंडी चौकट आणि खांब

खुणेवर सेंटर पंचने टिंब मारा, नाहीतर बिट नाचतं. एचएसएस (हाय-स्पीड स्टीलचं) बिट, मंद गती, दोन थेंब तेल. जाड चौकटीत आटे पाडायचे असतील तर एम५, म्हणजे ५ मिमीच्या बोल्टसाठी, ४.२ मिमीचं भोक. नट-बोल्ट आरपार लावायचा असेल तर ५.५ मिमी. साधारण २ मिमीपर्यंतच्या पत्र्याला सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू चालतात, पण १ मिमीपेक्षा पातळ पत्र्यात एक-दोन आटेच पकडतात आणि वाऱ्याच्या थरथरीने सुटतात. तिथे बोल्ट आरपार, मागे रुंद वॉशर, आणि नायलॉनची कडी असलेला लॉकनट.

भोकाची कड उघडी पडली की गंज तिथूनच सुरू होतो. भुसा पुसून कडेला झिंक प्रायमरचा हात द्या, मग स्क्रू. बाहेरच्या बाजूला रबरी वॉशर. ॲल्युमिनियमवर स्टेनलेस स्क्रू लावताना मध्ये नायलॉनचा वॉशर घाला; दोन वेगळे धातू ओले राहिले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनेल ३-४ मिमीचंच असतं आणि जोरात आवळलं तर दबतं, म्हणून त्यामागच्या चौकटीत स्क्रू न्या. वायफाय कॅमेरा पत्र्याच्या भिंतीला पाठ लावून बसवायचा असेल तर राउटर पत्र्याच्या पलीकडे नाही ना ते बघा; पत्रा सिग्नल अडवतो.

गोल खांबाला भोक पाडू नका. पोल ब्रॅकेट आणि स्टेनलेसच्या दोन पट्ट्या घ्या, पट्टी आणि खांबामध्ये रबराची चकती द्या, दोन्ही पट्ट्या सारख्याच ताणाने आवळा. लावण्याआधी खांब हाताने हलवून बघा. खांब डोलत असेल तर रात्रीचं चित्र फरफटतं आणि हालचालीच्या सूचना सतत वाजत राहतात.

छत आणि फॉल्स सीलिंग

काँक्रीटच्या स्लॅबला काँक्रीटचेच नियम, फक्त इथे भार सरळ खाली ओढतो, त्यामुळे स्वस्त मऊ प्लास्टिकची गिट्टी नको. नायलॉनची किंवा धातूची घ्या. बिट रिकाम्या प्लास्टिकच्या वाटीच्या तळातून आरपार घातलं की भुसा वाटीत पडतो.

जिप्सम बोर्ड १२.५ मिमीचा असतो. भिंतीसाठी मिळणारे फिरवून बसवायचे प्लास्टिक अँकर छताला लावू नका. अर्ध्या किलोपर्यंतच्या डोमला पंख उघडणारे टॉगल बोल्ट चालतात. त्याहून पक्कं काम म्हणजे बोर्डाच्या वर १२ मिमी प्लायचा तुकडा दोन धातूच्या चॅनेलवर आडवा टाकणं आणि स्क्रू त्या प्लायमध्ये घेणं. ६० × ६० सेंमीच्या सुट्या टाइल्सचं सीलिंग असेल तर प्लाय टाइलच्या मागे, चौकटीच्या पट्ट्यांवर टेकेल असा कापा. दोन्हीकडे कॅमेऱ्याला पातळ स्टीलची तार बांधून ती वर स्लॅबला अडकवा. खाली माणसं वावरतात, त्यामुळे ही तार ऐच्छिक धरू नये.

डोम छतासाठी असतो. तो बाहेर सरळ भिंतीवर चिकटवला तर अर्धं चित्र भिंतीचंच येतं आणि पावसाचे थेंब बुडबुड्यावर, म्हणजे त्याच्या पारदर्शक घुमटावर, साचतात. त्याला भिंतीचा आडवा ब्रॅकेट लावा. बुलेट छताला उलटा टांगला तर वरची सावलीची टोपी वरच राहील असं फिरवा, आणि चित्र उलटं आलं तर सेटिंगमध्ये १८० अंश फिरवा.

भोक नको असेल तेव्हा

भाड्याचं घर, काच, गुळगुळीत दरवाजा. कडक केलेल्या काचेत भोक पाडायचा प्रयत्न केला तर पूर्ण तावदान चुरा होऊन खाली येतं. इथे ॲक्रिलिक फोमची दुहेरी टेप कामाला येते, पण ती लावायची पद्धत आहे. इसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन पृष्ठभाग पुसा, सुकू द्या, टेप लावून १५ सेकंद घट्ट दाबा. तापमान १० अंश सेल्सिअसच्या वर हवं. ७२ तासांनी पकड पूर्ण होते, म्हणून बैठक आधी लावा आणि कॅमेरा तीन दिवसांनी चढवा. दर किलोमागे किमान ५५ चौरस सेंमी टेप हा नियम. कॅमेरा पुढे आलेला असल्याने दुप्पट धरा. २०० ग्रॅमच्या कॅमेऱ्याला ५ × ५ सेंमीचा तुकडा पुरतो. रंगवलेल्या गिलाव्यावर ही टेप रंगाला चिकटते, भिंतीला नाही; रंगासकट कॅमेरा खाली येतो.

काचेच्या आतून बाहेर बघणारा कॅमेरा ठेवायचा असेल तर लेन्स काचेला भिडवा आणि इन्फ्रारेड बंद करा, नाहीतर रात्री स्वतःचाच प्रकाश दिसेल. शरीराच्या उष्णतेवर जागा होणारा बॅटरीचा कॅमेरा काचेमागे कामाचा नाही, कारण ती उष्णता काच अडवते.

केबल आणि पाणी

कॅमेरा आयपी६६ किंवा आयपी६७ म्हणजे पाणी-धूळ रोखणारा असतो, पण त्याच्या शेपटीतला केबलचा जोड तसा नसतो. बाहेर लावलेला कॅमेरा बंद पडला तर सर्वांत आधी हा जोड उघडून बघा. पिना हिरव्या झालेल्या सापडतील. जोड भिंतीच्या आत ठेवा, नाहीतर कॅमेऱ्यामागे जंक्शन बॉक्स बसवा आणि जोड त्यात घ्या. नेटवर्क केबलसोबत मिळणाऱ्या पाणीरोधक टोपीचे भाग, आधी नट, मग रबरी कडी, मग नळी, हे प्लग क्रिंप करण्यापूर्वीच (पकडीने केबलवर दाबून बसवण्यापूर्वीच) केबलवर ओवावे लागतात. नंतर आठवलं तर प्लग कापून पुन्हा क्रिंप करावा लागतो.

भिंतीतून केबल न्यायचं भोक आतून बाहेर, बाहेरच्या टोकाला किंचित उतार देऊन पाडा. आधी ६ मिमीचं लांब बिट, मग मोठं बिट दोन्ही बाजूंनी, म्हणजे बाहेरचा गिलावा फुटत नाही. प्लगसकट केबल जायची असेल तर १६ ते २० मिमी, नंतर क्रिंप करणार असाल तर ८ मिमी पुरे. केबल भिंतीत शिरण्याआधी खाली झोका देऊन वर घ्या, पाणी झोक्याच्या तळाशी ठिबकून जातं. कॅट५ई किंवा कॅट६ या नेटवर्क केबलची एक लांबी १०० मीटरच्या आत ठेवा आणि पीओईसाठी, म्हणजे त्याच केबलमधून वीजही द्यायची असेल तर, शुद्ध तांब्याचीच केबल घ्या. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या केबलमध्ये व्होल्टेज जास्त पडतं आणि रात्री इन्फ्रारेड पेटला की कॅमेरा पुन्हा पुन्हा चालू-बंद होतो.

बैठकीच्या वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडेला सिलिकॉन भरा. खालची कड मोकळी सोडा, म्हणजे आत गेलेलं पाणी बाहेर पडेल. सिलिकॉन न्यूट्रल प्रकारचंच घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांबं आणि लोखंड खातं.

कॅमेरा चढवण्याआधी आणि नंतर

बैठक किंवा ब्रॅकेट बसला की त्यावर कॅमेऱ्याच्या वजनाच्या चार-पाच पट भार टांगा. ५०० ग्रॅमच्या कॅमेऱ्याला दोन लिटर पाण्याची बाटली. पाच मिनिटांनी बैठक आणि भिंत यांच्यात कागद शिरत असेल तर गिट्टी सरकली आहे. काढून पुन्हा करा. टेपवर लावलेल्या बैठकीला ही परीक्षा ७२ तासांनंतरच.

सांधे आवळताना क्रम ठेवा: आधी बैठकीशी फिरणारा, मग वर-खाली करणारा, शेवटी चित्र सरळ करणारा. डोमचा बुडबुडा लावताना आतून बोट लावू नका, ठसा राहिला तर रात्री त्याभोवती धुकट वलय दिसतं. लेन्सभोवतीची फोमची कडी बुडबुड्याला टेकली पाहिजे. ती निसटली की इन्फ्रारेड आतल्या आत परततो. संरक्षक फिल्म शेवटी काढा.

त्याच रात्री चित्र बघा, एकदा कुणाला तरी दारापर्यंत चालायला लावून. महिन्याने स्क्रू पुन्हा आवळा. रात्री कॅमेऱ्याभोवती किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि त्याचं एक जाळं रात्रभर हालचालीच्या सूचना वाजवत ठेवतं, म्हणून लांब दांड्याचा मऊ ब्रश घरात ठेवा.